पडलेल्या गाडीची पारख

जुन्या मोटारसायकलींच्या बाजारात किंमत ठरते ती साल, किलोमीटर आणि दिसणे या तीन गोष्टींवर, आणि रोज कामावर जाणाऱ्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीपुरते हे गणित बऱ्यापैकी जुळतेही. परंतु डांबर संपल्यानंतरही पुढे जाता यावे म्हणून बांधलेल्या, म्हणजे ज्यांना अॅडव्हेंचर मोटारसायकल म्हणतात त्या गाड्यांना तेच गणित लावले, की घेणारा हमखास फसतो. या गाड्यांना लांब पल्ल्यासाठी ऐसपैस बैठक, मोठी टाकी, जमिनीपासून उंच राहणारे इंजिन आणि खड्ड्यात बरेच अंतर वर-खाली होऊ शकणारे सस्पेन्शन दिलेले असते. १९८० साली आलेल्या बीएमडब्ल्यूच्या आर ८० जी/एस या गाडीपासून ही घडण रूढ झाली आणि पुढच्याच वर्षी ह्यूबर्ट ऑरिओल या फ्रेंच स्वाराने तिच्यावर पॅरिस-डकार शर्यत जिंकल्याने तिला प्रतिष्ठाही मिळाली. अशी गाडी अधूनमधून पडणार, हे ती आखणाऱ्यानेच गृहीत धरलेले असते. त्यामुळे मुरमाच्या वाटेवर कमी वेगात पाच-दहा वेळा आडवी झालेली सात वर्षांची गाडी ही एकदाच पण दुभाजकावर आदळलेल्या तीन वर्षांच्या चकचकीत गाडीपेक्षा कितीतरी भरवशाची असू शकते, आणि कमी पैशांत चांगली गाडी मिळवायची असेल तर या दोन प्रकारच्या इजांमधला फरक ओळखण्यावाचून गत्यंतर नसते, कारण बाजार दोन्हींची किंमत सारखीच पाडतो.

पैसे बेताचे असतील तर त्यातला साधारण चौथा हिस्सा गाडी पाहायला निघण्यापूर्वीच बाजूला काढून ठेवावा. दीड लाख रुपये हाताशी असताना एक लाख दहा-पंधरा हजारांच्या वरची गाडी पाहायलाच जाऊ नये. टायरची जोडी, चेन-स्प्रॉकेटचा संच, ब्रेक पॅड, सगळी ऑइले, विमा आणि गाडी नावावर करण्याचा खर्च उरलेल्या रकमेतच बसवायचा असतो, आणि तो कोणत्याही जुन्या गाडीत टळत नाही, मग विकणारा कितीही शपथेवर सांगो. याच कारणाने निम्म्या किमतीत मिळणाऱ्या परदेशी गाडीचा मोह आवरलेला बरा. वापरलेल्या गाडीची किंमत काही वर्षांत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. उलट मॉडेल बंद झाले की ते भाग महाग आणि दुर्मीळ होतात. २०१७च्या अखेरीस भारतात आलेली आणि पुढे काही वर्षे बंद राहिलेली कावासाकीची व्हर्सिस-एक्स ३०० ही जुळ्या सिलिंडरची, अतिशय गुळगुळीत चालणारी गाडी आहे, परंतु ती पाहायला जाण्याआधी तिच्या क्लच केबलची, पुढच्या फोर्कच्या सीलची आणि रेडिएटरची किंमत व मिळण्याचा अवधी विचारून ठेवला नाही, तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला अशी गत होते.

महाराष्ट्रातल्या बाजारात बेताच्या पैशांत खरी निवड उरते ती दोन-तीन गाड्यांमध्येच. २०१६ साली आलेली रॉयल एन्फिल्डची हिमालयन ४११ सीसीची, साडेचोवीस अश्वशक्तीची आणि पुढे एकवीस इंची चाक असलेली. हे मोठे चाक दगडावरून वळसा न घेता चढून जाते, हा त्याचा गुण. तिच्या सुरुवातीच्या गाड्यांत कार्ब्युरेटर आहे, म्हणजे हवा-पेट्रोलचे मिश्रण यांत्रिक रीतीने तयार करणारा जुना भाग, जो तालुक्याच्या गावातला मेकॅनिकही खोलून साफ करू शकतो. मात्र पाच हजार मीटरांवरच्या विरळ हवेत त्याचे मिश्रण पेट्रोलकडे झुकते आणि गाडी दमते. २०१७पासून तिला फ्युएल इंजेक्शन मिळाले, जे हवेचा अंदाज स्वतः घेते, आणि २०२०च्या, बीएस-सहा या प्रदूषण-मानकाच्या आवृत्तीत मागच्या चाकाचे एबीएस बंद करण्याची सोय आली. एबीएस म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. डांबरावर ती जीव वाचवते, पण सैल खडीच्या उतारावर ती ब्रेक पुन्हा पुन्हा सोडत राहिल्याने गाडी थांबता थांबत नाही, म्हणून ही कळ शोभेची नाही. २०२३च्या अखेरीस साडेचारशे सीसीची नवी हिमालयन आल्यापासून जुनीचा भाव नरमला आहे, ही घेणाऱ्याच्या पथ्यावर पडलेली गोष्ट. तिची अडचण एकच, पण मोठी: बीएस-सहा आवृत्तीचे वजन १९९ किलो आहे.

हिरोची एक्सपल्स २०० ही २०१९ साली आलेली गाडी या बाबतीत तिच्या नेमकी उलट आहे. तिचे वजन १५४ किलो, ताकद अठरा अश्वशक्तीच्या आसपास, त्यामुळे हमरस्त्यावर ताशी ऐंशीच्या पुढे ती हौसेने जात नाही. पण ताम्हिणीच्या आडवाटेवर किंवा भोर-महाड रस्त्यावरच्या वरंध घाटात, जिथे पावसाळ्यात दरड आणि चिखल रस्त्यावर उतरून येतात, तिथे आडवी झालेली गाडी एकट्याने उचलता येणे हाच सर्वांत मोठा गुण ठरतो. विकणाऱ्यासमोर गाडी आडवी पाडून हे तपासता येत नाही, एवढीच काय ती पंचाईत. चाकणच्या कारखान्यात तयार होणारी केटीएमची ३९० अॅडव्हेंचर २०२० साली बाजारात आली. ती तिघींत सर्वांत चपळ, परंतु ८५५ मिलिमीटरची बैठक आणि खड्ड्यात कड वाकू शकणारी अलॉय चाके ध्यानात घेता ती मुख्यतः डांबरावर राहणाऱ्यासाठीच योग्य, आणि जुनी घेताना तिच्या पुढच्या रिमची कड बोट फिरवून तपासल्याशिवाय बोलणी सुरूही करू नयेत. निवडीचा निकष लडाख हा ठेवला जातो, आणि तिथेच चूक होते. लडाखला माणूस आयुष्यात एक-दोनदा जातो, घाटात तो दर महिन्याला जातो, आणि गाडी दर महिन्याच्या वाटेसाठी निवडायची असते.

प्रत्यक्ष तपासणीत सर्वाधिक वेळ पुढच्या भागाला द्यावा. आडवी पडणारी गाडी बाहेर आलेल्या टोकांवर पडते, त्यामुळे हॅंडलची टोके, क्लच आणि ब्रेकच्या दांड्यांची अग्रे, पायदाण, क्रॅश गार्ड आणि सायलेन्सरची जाळी यांवरचे ओरखडे हे प्रामाणिक ओरखडे असतात. ते दिसले म्हणून भाव पाडून मागावा, पण घाबरू नये. पुढून आदळलेल्या गाडीच्या खुणा मात्र आत असतात आणि त्या झाकलेल्या असतात. दोन्ही फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाला धरणाऱ्या नळ्या, ज्या आडव्या पट्टीत आवळलेल्या असतात तिला गॅरेजात ‘टी’ म्हणतात. हॅंडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवले की या टीला आणि चेसिसच्या मानेला असलेले दोन लहान उंचवटे एकमेकांना टेकतात आणि हॅंडल थांबते. जोरदार धडकेत हॅंडल एका अंगाला सपाट्याने फिरते आणि त्या बाजूचा उंचवटा चेपतो किंवा त्याच्या मुळाशी रंगाला केसासारखी चीर जाते. मोबाइलचा दिवा लावून, खाली वाकून ही नखाएवढी जागा पाहायला दोन मिनिटे लागतात. त्या मानेभोवती चेसिसचा रंग इतर ठिकाणांपेक्षा ताजा असेल किंवा एकाच बाजूचे प्लास्टिक कोरे करकरीत असेल, तर मालकाने गाडी मायेने ठेवली असे समजण्याचे कारण नाही. काहीतरी दुरुस्त झाले आहे, आणि ते काय, हे विचारले पाहिजे.

त्यानंतर कोनसेटची पाळी. हॅंडल ज्या बेअरिंगवर फिरते त्याला कोनसेट म्हणतात आणि कच्च्या रस्त्यावरचा प्रत्येक दणका शेवटी त्याच्यावरच येतो. कुणाला तरी मागच्या बाजूने भार द्यायला सांगून पुढचे चाक अधांतरी करावे आणि हॅंडल दोन बोटांनी, अगदी सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे. मधोमध आल्यावर ते एखाद्या खाचेत बसल्यासारखे किंचित अडकले, तर छऱ्यांनी कपात खड्डे पाडलेले आहेत आणि सरळ रस्त्यावर गाडी सतत एकीकडे डुलत राहणार. हा दोष महाग नसतो, कोनसेट बदलला की जातो, परंतु तो विकणाऱ्याला माहीत नसेल तर भावाच्या बोलणीत उपयोगी पडतो. स्पोकच्या चाकांवर लहान पान्याने एकेका काडीवर टिचकी मारावी: ताणलेली काडी खणखणते, ढिली बोदा आवाज करते. कोकणात वर्षानुवर्षे राहिलेल्या गाडीच्या स्पोकची मुळे खाऱ्या हवेने गंजून आवळता न येण्याइतकी घट्ट बसलेली असतात, आणि मग एक काडी बदलायला गेलेला मेकॅनिक पूर्ण चाकच नव्याने विणायला सुचवतो, ते चूकही नसते. शेवटी रस्त्यावर थोडे पाणी ओतून त्यावरून गाडी सरळ न्यावी आणि मागे वळून दोन चाकांच्या ओल्या रेघा पाहाव्यात. मागची रेघ पुढच्या रेघेच्या बाजूने पडत असेल आणि चेनचे दोन्हीकडचे माप सारखे असेल, तर चेसिस किंवा मागचे चाक धरणारा स्विंगआर्म वाकलेला आहे, आणि अशी गाडी फुकटही महाग.

इंजिनाविषयी फार काही लिहिण्याची गरज नाही, कारण ही एका सिलिंडरची इंजिने सहनशील असतात. गाडी थंड असतानाच पाहायला जावे, इंजिनाला हात लावून ते खरोखर थंड आहे याची खात्री करावी आणि मगच सुरू करायला सांगावे. आधीच गरम करून ठेवलेली गाडी काहीतरी लपवते. एअर फिल्टरचा डबा मात्र उघडून पाहावाच. फिल्टर किती मळका आहे याला महत्त्व नाही. त्याच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला, बोट फिरवल्यावर धूळ लागली तर ती वाळू सिलिंडरात गेलेली आहे. ऑइल दुधाळ दिसले तर नदीनाल्यातून जाताना पाणी आत शिरल्याची शंका घ्यावी.

वायरिंगकडे सहसा कोणी पाहत नाही, आणि रात्रीच्या वेळी घाटात गाडी बंद पडण्याचे कारण बहुधा तेच असते. हौशी मालक जादा दिवे, मोबाइलचा चार्जर, कर्णकर्कश हॉर्न असे काय काय बसवतात. ते काम नीट केले असेल तर प्रत्येक जोडणीत फ्यूज आणि रिले असतो, रिले म्हणजे हॅंडलवरच्या नाजूक कळीतून मोठा विद्युतप्रवाह जाऊ न देता तो वेगळ्या वाटेने दिव्यापर्यंत नेणारा जोडभाग. सीट काढून बॅटरीच्या टोकांना किती वायरी नंतर जोडल्या आहेत ते मोजावे आणि काळी चिकटपट्टी उन्हाने वितळून चिकट झाली असेल, तर ते सगळे काढून नव्याने करण्याचा खर्च धरावा. क्रॅश गार्ड, इंजिनाखालची संरक्षक पत्रा-पट्टी आणि सामानाचा मजबूत कॅरिअर मात्र खरोखर पैसे वाचवतात. त्यांच्यासाठी थोडे जास्त द्यायला हरकत नाही.

कागदपत्रांत सर्वांत बोलका कागद आरसी बुक नसून विम्याची पॉलिसी असते, पण ती मागायचे सुचत नाही. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा असेल आणि वर्षभरात भरपाई मागितली नसेल, तर पुढच्या हप्त्यात नो क्लेम बोनस नावाची सूट मिळते. ती पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग क्रमाने २५, ३५, ४५ आणि ५० टक्के होते. ‘गाडीला ओरखडासुद्धा नाही’ असे सांगणाऱ्या मालकाच्या पाचव्या वर्षीच्या पॉलिसीत ही सूट शून्य असेल, तर एक तर विमा नव्वद दिवसांहून अधिक काळ खंडित झाला होता किंवा मागच्या वर्षी भरपाई घेतली गेली होती, आणि दुसऱ्या शक्यतेत कोणते भाग बदलले त्याचे बिल कुठेतरी असतेच. ही सूट गाडीची नसून मालकाची असते, म्हणून नव्या मालकाला ती मिळत नाही, हेही हिशेबात धरावे.

बाकी आरसीवरचा चेसिस नंबर मानेवरच्या नंबराशी पेन्सिलने छाप घेऊन जुळवणे, थकलेली ई-चलने पाहणे, कर्जावरची गाडी असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि कर्जाचा बोजा उतरवण्याचा नमुना ३५ मागणे, मालकी बदलाच्या नमुना २९ व ३० वर सही होईपर्यंत पूर्ण रक्कम न देणे, या गोष्टी एजंटही सांगतो. दिल्ली किंवा कर्नाटकाची स्वस्त गाडी घेणाऱ्याने महाराष्ट्राचा एकरकमी कर नव्याने भरावा लागेल हे विसरू नये, कारण स्वस्ताईचा बराचसा भाग तिथेच जातो. विकणारा आणि कागदोपत्री मालक वेगळे असतील, तर दाम कितीही कमी असो, परत फिरावे. २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच राहते असे ठरवल्यापासून, मधल्या मालकांनी नावावर न करता पुढे सरकवलेली गाडी म्हणजे प्रत्येकाच्याच गळ्यातले लोढणे झाले आहे.

गाडी हाती आल्यावर बाजूला ठेवलेला चौथा हिस्सा बॅगा आणि दिव्यांवर उडवण्याची घाई करू नये. टायरच्या बाजूवर छापलेल्या खुणेतले शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, म्हणजे २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. खाचा शाबूत असूनही सहा-सात वर्षांचा टायर आधी बदलावा. मग ब्रेक पॅड आणि ब्रेकचे ऑइल, मग चेन, मग केबली, आणि ढिले निघालेले स्पोक ताणून घेणे. पहिली फेरी टेम्पो बोलावता येईल इतक्याच अंतरावर, पुण्याहून ताम्हिणीमार्गे माणगाव अशी, घ्यावी आणि परतल्यावर स्पोक पुन्हा एकदा तपासून घ्यावेत, कारण नव्याने ताणलेल्या काड्या पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरांत थोड्याफार ढिल्या पडतातच.