एक आजी, एक अज्जी

मुलांनो, तुमच्या घरी भाकरीला काय म्हणतात? भाकरीला भाकरीच म्हणणार, हा काय प्रश्न झाला, असं तुम्ही म्हणाल. पण आमच्या घरी तिला दोन नावं आहेत. माझ्या सासूबाई म्हणतात भाकरी आणि माझी आई म्हणते रोट्टी. ज्वारी तीच, तवाही तसाच. फरक एवढाच, की सासूबाईंची भाकरी मऊसूत आणि आईची सुकवलेली, कडक, पापडासारखी कडाड मोडणारी. माझी दोन्ही मुलं मात्र पक्षपात करत नाहीत. थोरला सातवीत आणि धाकटा तिसरीत. दोघंही सध्या अशी वाढताहेत, की सकाळी भरलेलं भाकरीचं टोपलं संध्याकाळी रिकामं!

आम्ही राहतो जेऊरला. सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातलं, मुंबई-सोलापूर रेल्वेमार्गावरचं हे गाव. जवळच उजनी धरणाचं पाणी पसरलेलं आहे. भीमा नदीवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि कोरडवाहू रानात ऊस अन् केळी डोलायला लागली. मुलांचे बाबा इथलेच, मराठी. मी मात्र सोलापूर शहरातली, कानडी बोलणाऱ्या घरातली. म्हणून मुलांना बाबांकडची ती 'आजी' आणि माझी आई ती 'अज्जी'. एका जोडाक्षराचाच फरक, पण त्या जोडाक्षरामागे एक अख्खी भाषा उभी आहे बरं का!

दोन भाषांच्या घरात गमती फार होतात. धाकटा अगदी लहान असताना अज्जीनं त्याला विचारलं, "हालु बेका?" तो जागच्या जागी पुतळ्यासारखा उभा राहिला. त्याला वाटलं, अज्जी 'हलू नको' म्हणतेय. खरं तर ती विचारत होती, "दूध हवं का?" आणखी एक गंमत सांगते. मराठीत ताई म्हणजे मोठी बहीण आणि कानडीत 'तायी' म्हणजे आई! त्यामुळे शेजारच्या मुलीला सगळे ताई म्हणतात हे ऐकून अज्जी पहिल्यांदा चांगलीच गोंधळली होती.

पण मागच्या वर्षी ही गंमत एकाएकी थांबली. थोरला कानडी बोलेनासा झाला. अज्जीचा फोन आला की म्हणायचा, "सांग तिला, मी अभ्यास करतोय." एकदा स्टेशनवर मी आईशी फोनवर कानडीत बोलत होते, तर हा हळूच दहा पावलं दूर जाऊन उभा राहिला. मी विचारलं, "का रे?" बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आई, मुलं विचारतात, तू आपल्यातला का त्यांच्यातला? काय सांगू?"

मी शिक्षिका. दिवसभर मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देणारी. पण या प्रश्नाला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. एवढंच म्हटलं, "दिवाळीच्या सुट्टीत सोलापूरला जाऊ. अज्जीकडे जाण्याआधी तुला एक घर दाखवायचंय."

सुट्टी लागली आणि आम्ही तिघं सकाळच्या गाडीत बसलो. जेऊर सुटलं की भाळवणी, मग केम. केमचं कुंकू प्रसिद्ध आहे. पुढे कुर्डुवाडी जंक्शन. याचं जुनं नाव बार्शी रोड. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १८९७ मध्ये इथूनच बार्शीकडे धावू लागली. मग माढा, मग मोहोळ. मोहोळ आलं तेव्हा मी मुलांना म्हटलं, "आपण ज्या ज्वारीची भाकरी खातो ना, ती मालदांडी ३५-१ इथल्याच संशोधन केंद्रात निवडली गेली."

"आणि अज्जीची रोट्टी?" धाकट्यानं विचारलं.

"तीही हीच. ही ज्वारी आपल्याकडे पिकते आणि विजापूरकडेही पिकते. जमिनीला काय ठाऊक कुठली भाषा!"

थोरला खिडकीबाहेर बघत होता, पण ऐकत होता. सीनेचा पूल गेला आणि सोलापूर आलं.

सोलापूर तुम्ही चादरींमुळे ओळखत असाल. पण या शहराच्या कानांची ओळख तुम्हाला आहे का? इथल्या कानांवर रोज तीन भाषा पडतात. मराठी आहेच. सीमा जवळ असल्यानं कानडी आहे. आणि तेलंगणाकडून आलेल्या विणकर कुटुंबांनी आणलेली तेलुगूसुद्धा आहे. इथले कितीतरी दुकानदार गिऱ्हाइकाचा चेहरा बघून भाषा बदलतात! ज्या सिद्धेश्वरांची संक्रांतीला मोठी यात्रा भरते, ते इथलं ग्रामदैवत. बाराव्या शतकातल्या या सत्पुरुषाची वचनं कानडीत आहेत. आणि याच जिल्ह्यातल्या पंढरपूरच्या विठ्ठलावर तुकोबांनी मराठीत लिहिलं, तर पुरंदरदासांनी कानडीत.

रिक्षा करून आम्ही भैय्या चौकात गेलो. तिथे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं घर आहे. आता ते त्यांचं स्मारक झालं आहे. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ज्यांच्यावर 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला, तेच हे कोटणीस.

त्यांचा जन्म १९१० साली सोलापुरात झाला. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकून ते डॉक्टर झाले. जपाननं १९३७ मध्ये चीनवर मोठं आक्रमण केलं होतं आणि तिथे जखमींवर उपचार करायला डॉक्टर कमी पडत होते. तेव्हा काँग्रेसनं १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. चीनमध्ये या पाचही जणांना चिनी नावं मिळाली आणि प्रत्येक नावाच्या शेवटी 'हुआ' होतं. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले के दिहुआ.

आपला सोलापूरचा माणूस चिनी भाषा शिकला. बोलायला शिकला, लिहायलाही शिकला. युद्धाच्या धामधुमीत त्यानं शेकडो शस्त्रक्रिया केल्या. तिथल्या बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचा तो प्रमुख झाला. तिथे परिचारिकांना शिकवणाऱ्या गुओ चिंगलान यांच्याशी १९४१ मध्ये त्यानं लग्न केलं. म्हणजे तेही आमच्यासारखंच दोन भाषांचं घर! ऑगस्ट १९४२ मध्ये त्या घरात मुलगा जन्मला. त्याचं नाव ठेवलं यिनहुआ.

"हुआ म्हणजे चीन," थोरला म्हणाला. "मग यिन?"

"यिन म्हणजे भारत."

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अपस्माराच्या झटक्यांनी डॉ. कोटणीस गेले. वय अवघं ३२. धाकट्यानं बोटांवर महिने मोजले. "म्हणजे बाळ साडेतीन महिन्यांचंच होतं?" होय, साडेतीनच. यिनहुआ पुढे वडिलांसारखंच वैद्यकाचं शिक्षण घेऊ लागला, पण १९६७ मध्ये ऐन तरुणपणी तोही वारला. दोन भाषांचं ते घर असं किती थोडे दिवस टिकलं! तरीसुद्धा गुओ चिंगलान यांनी सासरचं नातं सोडलं नाही. त्या पुन्हा पुन्हा भारतात आल्या, कोटणीसांच्या घरच्यांना भेटल्या. त्यांचं निधन २०१२ मध्ये झालं.

बाहेर आलो तेव्हा थोरला म्हणाला, "त्यांना कुणी विचारलं नसेल का गं, तू आपल्यातला का त्यांच्यातला?"

मग मी त्याला त्याच सालातली आणखी एक हकीकत सांगितली. यिनहुआ जन्मला त्याच १९४२ मध्ये अमेरिका जपानशी लढत होती. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जपानी वंशाची पुष्कळ कुटुंबं राहत होती. घरात जपानी बोलायची, भात खायची, आणि त्यांची मुलं इंग्रजी शाळेत जायची, बेसबॉल खेळायची. पण सरकारला त्यांच्याबद्दल संशय आला. सुमारे १,२०,००० माणसांना घरं सोडायला लावून काटेरी तारांच्या छावण्यांत ठेवलं. त्यातले बहुतेक जण अमेरिकेतच जन्मलेले, तिथलेच नागरिक होते. त्यात तुमच्याएवढी शाळकरी मुलंही होती. चूक झाली हे त्या देशानं कायदा करून कबूल केलं, माफी मागितली, हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर द्यायचं ठरवलं. पण कधी? १९८८ मध्ये! तोवर त्या छावण्यांतली मुलं म्हातारी व्हायला आली होती.

"म्हणजे तो प्रश्न मोठी माणसंसुद्धा विचारतात," थोरला म्हणाला.

"हो. आणि चुकीचा विचारतात."

संध्याकाळी अज्जीकडे पोचलो. तिच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत. दर सुट्टीत ती नातवांची उंची तिथे आपल्या वितीनं मोजते. आधी धाकट्याची झाली. मग थोरला पाठ टेकून उभा राहिला. अज्जी खालून मोजू लागली, "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, आरु, एळु..." सात विती झाल्या आणि तिचा हात पुरेना. चवडे उंचावले, तरी पुरेना. मला वाटलं, स्टूल आणावं.

तेवढ्यात थोरल्यानंच आपला हात वर नेला, उरलेली अर्धी वीत मोजली आणि म्हणाला, "एळूवरे, अज्जी." साडेसात!

अज्जी काही बोलली नाही. तिनं पेन्सिल त्याच्या हातात दिली आणि कडक रोट्टीचा डबा काढायला आत गेली.

आता शाळेत तो प्रश्न कुणी विचारत नाही, असं नाही हं. मध्ये एकानं विचारलाच. त्यावर आमचे चिरंजीव म्हणाले, "मला दोन घरची भाकरी मिळते. तुला?" परवा तोच मुलगा कडक भाकरी मागायला आमच्या दारात उभा होता.

मुलांनो, तुमच्याही घरात दुसरी भाषा लपलेली असेल. कुणाची आजी अहिराणी बोलत असेल, कुणाची मालवणी, कोकणी, तेलुगू, उर्दू, पारधी किंवा वऱ्हाडी. या आठवड्यात एक काम करा. आजीकडून असे दहा शब्द लिहून घ्या, जे तुमच्या पाठ्यपुस्तकात नाहीत. पहिला शब्द भाकरीचा घ्या. आणि आजी तुमची उंची मोजत असेल, तर सरळ उभे राहा, उगाच टाचा उंच करू नका!