या वेळी पाहुणे म्हणून

कोकणातल्या आमच्या गावात गल्फमध्ये राबून आलेला माणूस नाही असे घर शोधूनही सापडणार नाही. आमच्या घरातले अब्बा. १९७९ ते २००३ अशी चोवीस वर्षे त्यांनी कतारमध्ये इलेक्ट्रिशियन म्हणून काढली. त्या कमाईवर घर उभे राहिले, मुलांची शिक्षणे आणि लग्ने झाली; पण तो देश आम्ही कुणीच पाहिला नाही. अम्मीसाठी दोहा म्हणजे लिफाफ्यावरचा शिक्का आणि कॅसेटमधला अब्बांचा आवाज. म्हणून यंदा आम्ही भावंडांनी ठरवले, दोघांना घेऊन आठ दिवस कतारला जायचे.

अब्बा म्हणाले, "तिथं बघायला काय आहे? वाळू!"

आम्ही नकाशा उघडला. अरबस्तानातून आखातात शिरलेला अंगठ्याएवढा देश. क्षेत्रफळ सुमारे साडेअकरा हजार चौरस किलोमीटर, म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून होतात त्याहूनही कमी. नदी एकही नाही. पिण्याचे पाणी मुख्यतः समुद्राचे खारे पाणी गोडे करून मिळते. आजची श्रीमंती तेलाची आणि १९७१ साली समुद्रात सापडलेल्या नैसर्गिक वायूच्या प्रचंड साठ्याची. त्याआधी हे लोक जगले मोत्यांवर. त्या मोत्यांची मोठी बाजारपेठ होती मुंबई. जपानी संवर्धित मोती आले आणि १९३०च्या दशकात तो धंदा बसला. कतारमध्ये १९६६ पर्यंत भारतीय रुपयाच चालत असे; १९५९ पासून तर रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळ्या नोटा छापत होती. एके काळी आपला रुपया तिकडे चालत होता, पुढे आपली माणसे तिकडच्या रियालसाठी गेली!

आता तयारी. उन्हाळ्यात तिथे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस बरे. आम्ही डिसेंबर धरला. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. व्हिसाचे नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी ते ताजे पाहून घ्यावेत. अम्मीच्या गोळ्यांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी मूळ पाकिटासह ठेवली. आपल्याकडे सहज मिळणारी काही औषधे तिकडे बंद आहेत. मसाल्याच्या डब्यातली खसखस तर घरीच ठेवायची. शुक्रवारी सकाळी बरीच दुकाने बंद असतात, म्हणून तो दिवस जुम्याच्या नमाजसाठी आणि आरामासाठी मोकळा ठेवला.

पाहायचे काय? दोह्याचे इस्लामी कला संग्रहालय, २००८ साली खुले झालेले. वास्तुकार आय. एम. पेई यांना त्याची कल्पना कैरोच्या इब्न तुलून मशिदीतल्या वुजूच्या कारंज्यावरून सुचली. मग सूक वाकिफचा मसाल्यांचा बाजार. वायव्येला अल जुबारा, मोत्यांच्या व्यापारावर वाढलेले आणि नंतर वाळूखाली गेलेले शहर. २०१३ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. आणि मुशैरिब. इथल्या जुन्या गल्ल्यांतल्या एका खोलीत अब्बा सात जणांबरोबर राहिले. ती वस्ती पाडून आता तिथे नवे शहर उभे आहे. मात्र काही जुनी घरे राखून त्यांची संग्रहालये केली आहेत. त्यातले एक सुरुवातीच्या तेल कामगारांच्या कष्टांची गोष्ट सांगते, दुसरे गुलामगिरीच्या इतिहासाची.

हे वाचून दाखवताना अब्बा गप्प झाले. का, ते आम्हांला ठाऊक होते. १९८८ साली दादीचे निधन झाले, तेव्हा अब्बांचा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात होता आणि देश सोडायला मालकाची लेखी परवानगी लागत असे. ती मिळेपर्यंत अकरा दिवस गेले. अब्बा घरी आले ते आधी कब्रस्तानात गेले. २०१८ साली बहुतेक कामगारांसाठी ही परवानगीची अट रद्द झाली, २०२० मध्ये घरकामगारांसाठीही. मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलायची मुभाही त्याच वर्षी आली. कायदा बदलला म्हणून सगळ्यांचे हाल संपले असे नव्हे. पण अब्बांच्या वेळी तेवढेही नव्हते.

"नको असेल तर जाऊ नये," आम्ही म्हणालो.

अम्मी पहिल्यांदाच बोलली. "चोवीस वर्षं मी त्या गावाच्या नावानं दुआ मागितली. मला ते बघायचं आहे."

दुसऱ्या दिवशी आमच्या यादीखाली अब्बांच्या अक्षरात एक ओळ दिसली: 'कॉर्निश, असरनंतर.' समुद्राकाठच्या त्या रस्त्यावर दर शुक्रवारी बसून ते अम्मीची पत्रे वाचत. समोर पिरॅमिडसारखे शेरेटन हॉटेल दिसे. १९८२ सालचे ते हॉटेल अजून तिथे आहे, असे आम्ही सांगितले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जरासे हसू आले.

तिकिटे आली आहेत. सगळ्यांचे पासपोर्ट एका पिशवीत ठेवू या, असे आम्ही सुचवले. अब्बांनी आपला उचलून सदऱ्याच्या खिशात घातला.

"माझा माझ्याजवळच राहू दे," ते म्हणाले.