जामनेरहून धरणगांवास

जामनेरची कांग नदी मागें टाकून आम्ही जळगांवमार्गें धरणगांवास गेलों. १८२५ सालीं जेम्स आउट्रम यानें भिल्लांची पलटण उभारली, ती येथेंच. १८१८ सालीं खानदेश इंग्रजांकडे आला, परंतु डोंगरांतील भिल्ल केवळ फौजेच्या धाकानें नमेनात. तेव्हां आउट्रम पहाऱ्यावांचून त्यांच्यांत राहिला, त्यांच्यासवें वाघाच्या शिकारीस गेला. विश्वास बसला, मग कवायत. चाळीस वर्षें मुलें शिकवून आम्हांसही हाच क्रम उमगला होता. परंतु १८३० सालीं हीच पलटण डांगांतील भिल्ल राजांवर नेण्यांत आली. विश्वासानें मिळविलेली आज्ञाधारकता कोणत्या कामीं लावावी, हा प्रश्न सेनापतीप्रमाणें शिक्षकासही सुटत नाहीं. परततांना आम्ही फारसें बोललों नाहीं.