खजिना विहिरीत आहे!

पुण्यात राहायला लागून आठ वर्षं झाली. ‘गाव कुठलं?’ असं कुणी विचारलं आणि मी ‘बीड’ म्हटलं, की पुढचा डायलॉग मला पाठ आहे. ‘बाप रे, तिकडे दुष्काळ ना?’ नाहीतर ‘ऊसतोड कामगारांचा जिल्हा!’ दोन्ही खरंच आहे, त्यामुळे वाद घालत नाही. पण ‘तिकडे बघण्यासारखं काय?’ असं मात्र कुणी विचारत नाही. आपल्याला बघायला पणजी असते. फोन्तेन्हासमधल्या पोर्तुगीज घरांच्या पिवळ्या-निळ्या भिंतींपुढे आपण फोटोसाठी रांग लावतो. पण बीडची वेस? ती तर रिक्षावाल्याला पत्ता सांगण्यापुरती!

मागच्या दिवाळीत बाबांनी विषय काढला. ‘जुन्या बीडमधलं घर विकून टाकू. तुझ्या फ्लॅटचं डाउन पेमेंट होईल.’ हिशोब बिनचूक होता. आईचे गुडघे दुखतात, नळाला पाणी कधी येईल त्यावर घराचं टाइमटेबल ठरतं आणि मी काही परत जाणार नाहीये. ‘विचार करून सांगते,’ म्हटलं आणि बाबांची स्कूटर घेऊन दोन दिवस नुसती गावात फिरले. विकायचं तर काय विकतोय, ते तरी नीट बघावं!

सुरुवात वेशींपासून. कोतवाली वेस, धोंडीपुरा वेस, राजुरी वेस. या गावाला एकेकाळी तट होता, दरवाजे होते. गावाने मालकही किती पाहिले! निजामशाही, मुघल, मग हैदराबादचा निजाम. १७६३ मध्ये याच जिल्ह्यात, गोदाकाठच्या राक्षसभुवनला थोरल्या माधवरावांनी निजामाला हरवलं. तरीही हा भाग शेवटी हैदराबाद संस्थानातच राहिला, तो थेट १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. म्हणून आमच्याकडे स्वातंत्र्याचे दोन दिवस असतात. पुण्याच्या मित्रांना हे प्रत्येक वेळी नव्याने समजावून सांगावं लागतं.

दिल्लीची राजधानी देवगिरीला आणणारा महंमद तुघलक आठवतोय? त्याचा एक दात बीडजवळ पडला आणि त्याने त्या दाताची कबर बांधली, असं फिरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवलंय. करझणीच्या डोंगरावर ती वास्तू दाखवतात. दाताचं स्मारक असलेलं गाव तुमच्या बकेट लिस्टमध्ये आहे का? नसणार!

मग कंकालेश्वर. चारी बाजूंनी पाण्याचं कुंड आणि मधोमध काळ्या दगडाचं मंदिर. भिंतींवरच्या स्त्रिया नुसत्या नटलेल्या नाहीत, काहींच्या हातात चक्क शस्त्रं आहेत. लहानपणी महाशिवरात्रीच्या जत्रेत मी इथे फक्त पाळणे आणि भेळ पाहिली होती. या वेळी तासभर नुसती मूर्ती बघत बसले. देवळापर्यंत जायचं ते पाण्यावरून. कोरड्या मुलखात कुणीतरी देवाला पाण्यात बसवला, यातच काय ते आलं.

दुसऱ्या दिवशी गावाबाहेर, खजाना विहिरीकडे. शाळेच्या सहली जायच्या, त्यामुळे ‘बघितलीय की’ म्हणून मोकळे होणारे आम्ही सगळे. सोळाव्या शतकात, अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या काळात, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधून घेतली. गोल, दगडी, प्रशस्त. खरी गंमत जमिनीखाली आहे. दोन भुयारी कालव्यांतून पाणी विहिरीत येतं आणि तिसऱ्यातून बाहेर पडून उतारानेच पुढच्या शेतांकडे जातं. मोट नाही, मोटर नाही, विजेचं बिल नाही! मलिक अंबरने औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, ज्या प्रसिद्ध नहरी बांधल्या, त्याच्याही आधीचं हे काम.

नावामागची गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक असते. वसूल झालेला पैसा सलाबतखानाने विहिरीवर खर्च केला. वरून विचारणा झाली, ‘खजिना कुठाय?’ तो म्हणाला, ‘विहिरीत!’ गोष्ट खरी की रचलेली, कोण जाणे. पण चारशेहून जास्त वर्षं लोकांनी ती सांभाळली. राजांची नावं विसरणाऱ्या गावाने पाण्यावर पैसे घालणारा माणूस लक्षात ठेवला.

विहिरीच्या काठावर उभं राहून मी मनातल्या मनात हिशोब करत होते. माझ्या वर्गातली निम्मी मुलं पुणे-मुंबईत आहेत. आमचे पगार, पीएफ, ईएमआय सगळं तिकडेच. गावात काय घातलं आम्ही? दिवाळीचा फराळ खाऊन परत येतो, बस. ज्या पाण्याच्या नावाने गाव सोडलं, त्याच पाण्याचं उत्तर कुणीतरी इथेच दगडात लिहून ठेवलंय. ते उत्तर आजच्या बीडला पुरणार नाही, हे मलाही कळतं. पण कमी पाऊस म्हणजे गाव संपलं, असं ते मांडणारा माणूस मानत नव्हता, एवढं नक्की.

१७ सप्टेंबर २०२५ ला बीड-अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली. आमच्या आजोबांच्या पिढीपासून जिची वाट पाहिली, ती गाडी एकदाची आली. आता न येण्याचं एक कारण तरी कमी झालं.

बाबांना मी ‘विकू नका’ असं सांगून टाकलंय. गच्चीवर पावसाचं पाणी धरायची पाइपलाइन आणि खाली टाकी, याचं कोटेशन मागवलंय. आकडा ऐकून आई म्हणाली, ‘एवढ्यात तर तुझं मॉड्युलर किचन झालं असतं गं!’ झालं असतं खरं. पण फ्लॅटच अजून दोन वर्षं लांबलाय, किचनची घाई कुणाला?