आईंची संध्याकाळची फेरी

१९९९ साली लग्न होऊन मी साताऱ्याहून रायपूरला आले. तात्यापाऱ्यातल्या आमच्या घराला दोनच खोल्या. एकीत स्वयंपाक, दुसरीत सासूबाई, सासरे, हे आणि मी. रात्री मधे पडदा ओढायचा. यांच्याशी बोलायचं म्हणजे कुजबुजायचं, तेही बांगड्या दाबून धरून.

त्याच वर्षीचा साहित्य अकादमी पुरस्कार विनोदकुमार शुक्लांच्या 'दीवार में एक खिड़की रहती थी' या कादंबरीला मिळाला. लेखक मूळचे राजनांदगावचे, पण कृषी विद्यापीठात शिकवलेले, रायपूरलाच राहणारे. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, कुठूनसं ते पुस्तक मागून आणलं. "वाच, हिंदी सुधारेल," एवढंच म्हणाल्या.

रघुवर प्रसाद लहानशा गावातल्या कॉलेजात गणित शिकवतो. सोनसी लग्न होऊन येते ती त्याच्या एका खोलीत. मग त्याचे आईवडील आणि धाकटा भाऊ राहायला येतात, तेही त्याच खोलीत. आता कुरबुर सुरू होणार म्हणून मी श्वास धरून पानं उलटत होते. ती होतच नाही. खिडकीतून पलीकडे उतरलं की सारवलेली पायवाट, तळी, कमळं आणि चहा करून देणारी एक म्हातारी. ती सोनसीला सोन्याची कडी देते.

मी वाढले त्या कादंबऱ्यांत प्रेम म्हणजे ताटातूट, गैरसमज, नाहीतर त्याग. लग्न लागलं की गोष्ट संपायची. इथे लग्न झालेली दोन माणसं एकमेकांना नुसती आवडतात. बोलतात ते घरातलंच काहीबाही. तेवढ्यावर अख्खी कादंबरी उभी राहते, आणि मला ती कुठेही कमी पडली नाही. समीक्षक हिला जादुई वास्तववाद म्हणतात. पडद्याआड संसार केलेल्या बाईला त्यात जादू दिसत नाही. इतक्या माणसांत नवराबायकोला एकांत मिळतो तो असाच, कुणीतरी करून दिला म्हणून.

म्हातारीचा चहा वाचला त्या दिवशी मी पुस्तक मिटलं आणि घड्याळाकडे पाहिलं. सव्वासहा. हे कामावरून यायची वेळ. आई सासऱ्यांना म्हणत होत्या, "चला, मारुतीला जाऊन येऊ." रोजच जायच्या. मारुतीचं दर्शन, मग बूढा तालाबाच्या काठाने रमतगमत, दीड तासाने परत. गुडघे दुखायचे, दुपारी तेल चोळताना मीच पाहायची. पावसात देवळाच्या ओसरीवर बसून राहायच्या. मी आपली समजत होते, केवढी ही भक्ती!

परत येताना त्या दोन घरं अलीकडे थांबायच्या आणि शेजारणीला मोठ्यानं छत्तीसगढीत विचारायच्या, "का साग रांधे हस ओ?" कसली भाजी केलीस गं? रोज तोच प्रश्न. एरवी हळू बोलणारी बाई, पण हा आवाज थेट आमच्या दारापर्यंत यायचा. मग सावकाश पावलं, मग चपलांचा आवाज. तोवर मी स्वयंपाकघरात पोचलेली असायची.

आई जाऊन आता नऊ वर्षं झाली. या फेरीबद्दल त्यांच्याशी कधीतरी बोलायला हवं होतं. बोलले नाही. संकोच वाटला, आणि त्यांनाही वाटला असता. आमच्या पहिल्या दोन वर्षांत आम्ही जे काही एकमेकांना सांगू शकलो, ते त्या दीड तासात. ते आईंचं देणं आहे.

२३ डिसेंबर २०२५ ला शुक्लजी रायपूरच्या एम्समध्ये गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांना ज्ञानपीठ जाहीर झालं होतं, छत्तीसगढचं पहिलंच. बातमी ऐकून पुस्तक काढलं. पहिल्या पानावर मूळ मालकाचं नाव अजून आहे. परत करायचं राहूनच गेलं.

घर आता मोठं आहे, पण सून नवी आहे आणि भिंती पातळ आहेत. संध्याकाळी यांना म्हटलं, "चला, मारुतीला." येताना दोन घरं अलीकडे थांबले आणि घसा खाकरून विचारलं, "का साग रांधे हस ओ?"

"चना भाजी," आतून उत्तर आलं.