कडेपर्यंत बटर

सँडविचबद्दल लिहिणारे बहुतेक लोक आत काय होतं ते लिहितात. बटाटा किती, चीज किती, चटणी झणझणीत की मिळमिळीत. माझा जीव मात्र बटर कुठवर लावलंय यात अडकलेला असतो. सँडविचवाल्यासमोर उभी राहिले की आधी त्याची सुरी बघते. ब्रेडच्या मधोमध एक थापटी मारून ती पुढच्या स्लाइसकडे वळली, की तिथेच निम्मे गुण गेले. चारी कोपऱ्यांत, अगदी कडेला टेकेपर्यंत सुरी फिरवणारा माणूस भेटला, तर मग बटाटा थोडा कच्चट निघाला तरी मी कुरकुर करत नाही.

याला कारण आहे. सँडविचचं वैर पाण्याशी आहे. काकडीत शंभरातले पंच्याण्णव भाग पाणी, टोमॅटोत जवळपास तेवढंच, उकडलेल्या बटाट्यातही पाऊण हिस्सा. चटणी तर ओलीच असते. आणि हा सगळा ऐवज ज्याच्या पोटात ठेवायचा, तो पांढरा ब्रेड म्हणजे टिपकागद. बटरमध्ये शंभरात किमान ऐंशी भाग स्निग्धांश असतो, त्यामुळे त्याचा अखंड थर असेल तर पाणी सहजासहजी पलीकडे जात नाही. बटर चवीला लागतंच, पण त्याआधी ते अडवायला लागतं. जिथे थर तुटला, तिथून ब्रेड हिरवा व्हायला लागतो आणि चौथ्या घासाला खालचा तुकडा बोटात लोंबतो.

मुंबईतलं रस्त्यावरचं व्हेज सँडविच म्हणजे ही सगळी ओली मंडळी एकाच वेळी एका ब्रेडमध्ये कोंबण्याचं धाडस. कोणा शहाण्या स्वयंपाक्याला विचारून हा पदार्थ ठरवला असता, तर त्याने टोमॅटो आणि काकडी यांतलं एकच काहीतरी घ्यायला सांगितलं असतं. आम्ही दोन्ही घेतो, वर बीट आणि कांदाही. शिवाय ही हवा. जुलैत या शहरात मीठही डब्यात पाझरतं, तिथे ब्रेडची काय कथा.

आमच्या नाक्यावरच्या काकांचं काम मी बऱ्याच वेळा निरखलं आहे. कमरेएवढ्या उंचीचं स्टँड, त्यावर लाकडी पाट, पाटाच्या एका अंगाला ब्रेडची चळत आणि दुसऱ्या अंगाला भाज्या. ब्रेडच्या कडा ते आधीच कापतात. त्या कडा फेकल्या जात नाहीत. काही वाळवून चटणी वाटताना त्यात जातात, म्हणजे चटणी दाट होते आणि वाहत नाही. कुणी यासाठी फुटाण्याचं डाळं घालतं, कुणी शेव. कोथिंबीर, पुदिना, मिरची, लिंबू, जिरं हे तर सगळेच घालतात. चटणीत लसूण मात्र काका घालत नाहीत, कारण त्यांच्या गिऱ्हाइकांतले निम्मे गुजराती आणि जैन आहेत. चांगली चटणी सुरीला चिकटून राहते. चमच्यावरून ओघळली तर समजावं, मिक्सरमध्ये पाणी जास्त पडलंय.

टोमॅटो ते पाटावर ठेवून कापत नाहीत. डाव्या हातात धरतात आणि सुरी अंगठ्याच्या दिशेने ओढत चकत्या थेट ब्रेडवर पाडतात. चकती इतकी पातळ की खालची चटणी दिसावी. यात दिखाऊपणाही थोडा आहे, पण पातळ चकतीत गर कमी आणि पाणीही कमी. मग मसाल्याचा डबा. जिरं, मिरी, आमचूर, काळं मीठ आणि प्रत्येकाचं आपलं काहीतरी. हा मसाला पडला की उलटी गणती सुरू होते, कारण मीठ काकडीतलं पाणी बाहेर ओढून काढतं. काका तो बटाट्यावर भुरभुरतात आणि काकडीवर अगदी शेवटी, वरचा ब्रेड ठेवण्याच्या क्षणी. दुसऱ्या एका ठिकाणी मी थराथरावर मसाला मारणारा पोऱ्या पाहिला आहे. चव तिथे जास्त होती, हे कबूल. पण चौथा तुकडा हातात घेतला तेव्हा कागद ओला झाला होता.

सहा तुकडे. त्यांतला पहिला आणि शेवटचा यांत जेवढा फरक, तेवढं सँडविच कच्चं. माझी परीक्षा एवढीच. बीटबद्दल माझं काकांशी पटत नाही. बीट चवीला मातकट, शिवाय सगळं गुलाबी करून ठेवतं. पण ‘बीट नको’ म्हटलं की ते असं बघतात, जणू मी लग्नाला जाऊन अक्षता नाकारल्या.

एरवी आपण ज्याला सँडविचचा ब्रेड म्हणतो, त्याचं वय फारसं नाही. कापलेल्या ब्रेडचं पुडकं पहिल्यांदा विकलं गेलं ते 1928 साली अमेरिकेत, मिसुरीतल्या चिलिकॉथी गावी, ओटो रोहवेडर यांच्या यंत्रामुळे. आपल्याकडे भट्टीतला लादी पाव कितीतरी जुना. पण एकसारख्या जाडीचा, मेणकागदातला ब्रेड सरसकट घराघरांत शिरायला सरकारी हात लागला. 1965 मध्ये मॉडर्न बेकरीज निघाली, सरकारच्या मालकीची. 2000 साली ती हिंदुस्थान लिव्हरकडे गेली. सरकार ब्रेड भाजत होतं ही गोष्ट आज सांगितली तर नव्या पोरांना गंमत वाटते. रस्त्यावरच्या सँडविचला या ब्रेडने दिलं ते एकसारखेपण: दहा स्लाइस एकावर एक रचल्या तरी चळत सरळ उभी राहते आणि माणूस न बघता बटर लावू शकतो. घेतलं तेही काही कमी नाही. 2016 मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने दिल्लीतल्या ब्रेडचे नमुने तपासले, बहुतेकांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट सापडलं आणि त्याच वर्षी ब्रोमेटवर बंदी आली. काही दिवस काकांकडे गर्दी कमी होती. मग पूर्ववत.

पाण्याशी न भांडता त्याच्याशी तह करणारे लोकही या शहरात आहेत. मरीन लाइन्सजवळ कयानी अँड कंपनी 1904 पासून उभी आहे. तिथे किंवा कुठल्याही इराण्याकडे ब्रून मस्का मागवा. कडक, कवचासारखी पाठ असलेला पाव, आत मस्का, बाकी काही नाही. भाजी नाही, चटणी नाही. पाणी वेगळं आणून ठेवलेलं असतं, कपात, दूध-साखर घालून उकळलेलं. किती भिजवायचं ते खाणाऱ्याच्या हाती. दोन सेकंद बुडवा, पाच सेकंद बुडवा, तुकडा कपात पडला तर तुमचं नशीब. सँडविचच्या सगळ्या कटकटीवर इतका साधा तोडगा दुसरा कुणी काढलेला मला माहीत नाही.

बिझीबी, म्हणजे बेहराम कॉन्ट्रॅक्टर, खाण्यावर लिहायचे तेव्हा पंचतारांकित हॉटेल आणि कोपऱ्यावरचा इराणी यांच्यात त्यांचा आवाज बदलायचा नाही, असं मला नेहमी वाटत आलं आहे. पदार्थाला त्याच्या जागी जाऊन, त्याच्या वेळेला खाणं हे त्यांना जमायचं. हल्लीच्या परीक्षणांत ते सापडत नाही, त्याबद्दल पुढे.

आमच्या लहानपणी वाढदिवसाला तिरंगी सँडविच व्हायचं. एका थरात गाजर किंवा सॉस घातलेलं केशरी लोणी, मध्ये पांढरा ब्रेड, खाली हिरवी चटणी. पाहुणे संध्याकाळी यायचे आणि आई दुपारीच करून ठेवायची, म्हणजे वैरी उलटा: पाणी जास्त होण्याऐवजी उडून जाण्याची भीती. पंख्याखाली ठेवलेल्या ब्रेडचे कोपरे तासाभरात वर वळतात. म्हणून ताटावर ओलं, घट्ट पिळलेलं पंचाचं फडकं. दर थोड्या वेळाने आई येऊन फडक्याला हात लावून बघायची. फडकं जास्त ओलं झालं तर वरचा ब्रेड चिकट, कोरडं पडलं तर कुरकुरीत. केकबद्दल तिला काही काळजी नसायची, केक बेकरीतून यायचा.

टोस्ट सँडविचमध्ये विस्तव मदतीला येतो. लांब दांड्यांचा तो दुपाखी टोस्टर, बाहेरून काळा ठिक्कर, बटर लावून निखाऱ्यांवर किंवा गॅसवर धरायचा आणि मनगट वळवून पालटायचा. ब्रेडची बाहेरची बाजू कोरडी आणि खमंग होते, पण आतली वाफ कोंडलेली असते. म्हणून टोस्टरमधून काढल्या काढल्या कापणारा सँडविचवाला शहाणा. कापलं की वाफ निघून जाते. आधी पैसे मोजून मग सुरी उचलणाऱ्याकडे खालचा तुकडा हमखास घामेजलेला. कोळशाचं काय होईल सांगता येत नाही. 2025 च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने बेकऱ्यांना लाकूड-कोळसा सोडून सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर यायला सांगितलं. हवेचं बघता हे योग्यच आहे. निखाऱ्यावरच्या टोस्टचा तो किंचित धुरकट वास मात्र विजेच्या ग्रिलला येत नाही, हेही तितकंच खरं.

ग्रिलवरून आठवलं. गल्लीत नव्याने उघडलेल्या एका कॅफेत मेयॉनीजचं कोबी-गाजर सँडविच मिळतं. फलकावर रंगीत खडूने नाव, खाली किंमत, ती काकांच्या पाचपट. पहिला घास उत्तम. नंतर मात्र ताटलीत पांढरं पाणी साचायला लागलं. गुन्हा तिथल्या मुलीचा नव्हता. बटरमध्ये तेलकटपणाच्या पोटात पाण्याचे थेंब असतात, मेयॉनीजमध्ये नेमकं उलटं, पाण्यात तेलाचे थेंब. म्हणून मेयॉनीज चवीला कितीही गुबगुबीत लागलं, तरी बटरसारखी पाण्याची वाट ते रोखत नाही. त्यातून कोबीला मीठ लागलेलं. आधी ब्रेडला बटर फासून मग मेयॉनीज घातलं असतं तर सँडविच वाचलं असतं, पण हे सांगायला गेलं की समोरचं माणूस मॅनेजरला बोलावतं.

बरं, या कॅफेला पाच तारे आहेत आणि काकांना साडेतीन. तारे देणाऱ्यांचं म्हणणं वाचलं. ‘सँडविच मऊ पडलं होतं.’ ‘चटणी बाहेर आली.’ सगळ्यांनी घरी मागवलेलं होतं. म्हणजे सहा तुकडे एका डब्यात, डबा पिशवीत, पिशवी स्कूटरवर, स्कूटर सिग्नलला, आणि अर्ध्या-पाऊण तासाने कुणीतरी सोफ्यावर बसून न्याय करतंय. पूर्वी निदान वर्तमानपत्राचा कागद थोडं तेल-पाणी पिऊन घ्यायचा. शाईपायी तो बंद झाला ते बरंच झालं, पण त्या जागी आलेला गुळगुळीत डबा काहीच पीत नाही, सगळी वाफ परत ब्रेडवर पाडतो. रस्त्यावरचं सँडविच उभ्यानेच खायचं असतं. कागदी बशी डाव्या हातावर, कोपर थोडं बाहेर, आणि दुसरा तुकडा संपता संपता काका न विचारता वर शेव टाकतात ती लगेच कुरकुरते. घरी पोचेपर्यंत ती शेव राहत नाही, पीठ होतं.

तरी मध्यंतरी घरी पाहुणे होते आणि पायरी उतरायला कुणी तयार नव्हतं, म्हणून मीच काकांकडे गेले. म्हटलं, चार पार्सल द्या, पण चटणी वेगळी बांधा, टोमॅटो-काकडी वेगळ्या पिशवीत, मसाला पुडीत, शेव पुडीत. घरी जाऊन मी रचेन.

काकांनी सुरी पाटावर ठेवली. म्हणाले, ‘‘ताई, मग सुकी भेळच न्या ना. पलीकडचा भेळवाला चांगला आहे.’’