वितळलेले मणी

दारावरचे मण्यांचे तोरण एके दिवशी अवचित तुटले. दोरा कुजला होता. लाल, निळे, पिवळे पारदर्शक मणी ओसरीभर विखुरले. आजीने ते तोरण पुष्कळ वर्षांपूर्वी ओवले होते. आता तिला सुईचे नेढेही दिसत नसे.

"आजी, हे मणी वितळवून त्यांची चकती करू का?" नातीने भीतभीत विचारले.

आजी क्षणभर गप्प राहिली. वितळलेला मणी पुन्हा ओवता येत नाही, हे दोघींनाही ठाऊक होते.

"कर, बाळ. डब्यात पडून राहण्यापेक्षा ते बरे," ती म्हणाली.

ते मणी पॉलिस्टायरीन नावाच्या प्लॅस्टिकचे होते. हे प्लॅस्टिक सुमारे 100 अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते आणि निवल्यावर पुन्हा घट्ट होते. तापताना त्यातून अपायकारक वाफ निघते. म्हणून आईने अडगळीतली जुनी विजेची भट्टी अंगणात मांडली. त्या भट्टीत किंवा साच्यात पुन्हा अन्न शिजवायचे नाही, असेही बजावले.

पत्र्याच्या साच्यात नात मण्यांचा एकच थर लावू लागली. "लालाशेजारी पिवळा," आजी सांगत होती. तोरणाची नक्षी तिला तोंडपाठ होती.

भट्टी 200 अंशांवर ठेवून आईने वीस मिनिटे वाट पाहिली. मण्यांची भोके बुजली, कडा एकमेकींत मिळाल्या. पण वितळलेले प्लॅस्टिक पाण्यासारखे पातळ नसल्यामुळे रंग मिसळले नाहीत. निवताना चकती किंचित आकसली आणि साच्यातून अलगद सुटली.

दुसऱ्या दिवशी ती खिडकीत टांगली. सकाळचे ऊन तिच्यातून आत आले आणि जमिनीवर रंग सांडले. आजीने हात पुढे करून त्यातला लाल ठिपका तळहातावर झेलला.

"हा मात्र दिसतो हो मला," ती हसून म्हणाली.